टीएचडी स्क्रीनवरचा आणि बोर्डवरचा

हॉस्टेलची लाइट जाते, जुना इन्व्हर्टर चालू होतो आणि पंखा घुरघुरायला लागतो. आपण म्हणतो, "पंखा गेला वाटतं!" मित्रहो, पंखा बिचारा ठीक असतो. त्याला साइनऐवजी स्क्वेअर वेव्ह मिळते, आणि तिच्यात तिसरा हार्मोनिक मूळ लहरीच्या एक तृतीयांश असतो.

आता हाच इन्व्हर्टर ग्रिडला जोडायचाय असं समजा. उभ्या गाडीच्या बॅटरीतून ग्रिडला वीज द्यायची, ही व्हेईकल-टू-ग्रिडची कल्पना केम्प्टन आणि लेटेंड्रे यांनी अमेरिकेत १९९७ साली मांडली. तिथे घुरघुर चालत नाही. आयईईई १५४७ प्रमाणे ग्रिडला दिलेल्या करंटमधलं एकूण डिस्टॉर्शन रेटेड करंटच्या ५ टक्क्यांच्या आत हवं.

आमच्या प्रोजेक्टमध्ये सिम्युलेशनचा आकडा झकास आला. बोर्डवर मात्र करंट शून्याजवळ येताच लहर चपटी! मग आम्ही तेच केलं जे सगळे करतात : फिल्टरचा इंडक्टर वाढवला. बोर्ड जड झाला, लहर काही सुधारली नाही.

चूक डेड टाइमची होती. एका लेगचे दोन्ही स्विच एकदम ऑन होऊन शॉर्ट होऊ नये म्हणून मध्ये थोडा वेळ दोन्ही ऑफ ठेवतात. १० किलोहर्ट्झला एक सायकल १०० मायक्रोसेकंदांची. डेड टाइम २ मायक्रोसेकंद आणि डीसी बस ४०० व्होल्ट धरा, की प्रत्येक लेगमागे सरासरी ८ व्होल्टची चूक. तीही करंटच्या दिशेप्रमाणे उलटसुलट, म्हणजे पुन्हा स्क्वेअर वेव्हच! यातून १५०, २५०, ३५० हर्ट्झचे हार्मोनिक्स येतात. एलसीएल फिल्टर बसवलेला असतो १० किलोहर्ट्झसाठी. हे पाहुणे त्यातून आरामात पार होतात. गाडी कमी पॉवर देत असेल तर मूळ करंट घटतो, चूक मात्र जवळपास तेवढीच राहते.

उपाय कंट्रोलमध्ये आहे. करंटची दिशा बघून ड्यूटी सुधारा आणि पीआर कंट्रोलरला तिसऱ्या, पाचव्या, सातव्या हार्मोनिकचे रेझोनंट टर्म जोडा. शून्याजवळ दिशा चुकीची वाचली, तर सुधारणाच बिघाड करते. ते बोर्डवरच कळतं.

म्हणून ज्युनिअर्सना आणि गाइड सरांना एकच विनंती. सिम्युलेशनमध्ये डेड टाइम शून्य ठेवू नका, आणि रिपोर्टमध्ये फुल लोडसोबत पाव लोडचंही रीडिंग छापा. आकडा ५ च्या वर गेला तर व्हायव्हाला दोन प्रश्न जास्त येतील, एवढंच. पण तो आकडा आपला असेल!