साखळीला बांधलेलं कुत्रं राखण करत नाही

आज पिकाचं नाही, वस्तीवरच्या कुत्र्याचं लिहितोय.

आमच्या भागात सध्या बेल्जियन मॅलिनॉइज पाळायचं वेड आलंय. रीलमध्ये कमांडोसोबत भिंत चढणारं कुत्रं बघायचं आणि विहिरीवरच्या केबली चोरीला जातात म्हणून पिल्लू आणायचं. कारण खोटं नाही. पण आणलेल्या पिल्लाचं पुढं काय होतं? गोठ्याच्या खांबाला चार फुटांची साखळी आणि दोन वेळची भाकरी. मालक म्हणतो, बांधून ठेवलं की कडक होतं. माझ्या मते ते कडक होत नाही, बिथरतं.

ही जात मूळची बेल्जियमची, मेंढ्या राखणारी. दिवसभर कळपाभोवती पळायचं, हलेल त्याच्या मागं जायचं, मेंढपाळाच्या इशाऱ्यावर थांबायचं. पोलीस आणि लष्करानं ती उचलली ती याच गुणांसाठी. आपल्याकडं सीआरपीएफ, आयटीबीपीकडं ही कुत्री आहेत. पण तिथं कुत्र्यासोबत त्याचा हँडलर असतो, रोजचा सराव असतो. रीलमध्ये तेवढं दिसत नाही.

पंचवीस-तीस किलोचं हे जनावर, डोकं सतत चालू. काम दिलं नाही तर स्वतः शोधतं. वासरांच्या पायाला तोंड घालतं, दूधवाल्याच्या गाडीमागं सुटतं, ठिबकच्या नळ्या फोडतं. नळ्यांचे तुकडे दाखवून "जातच खराब" म्हणणारे मला भेटलेत.

राखण म्हणजे दिसेल त्याला चावणं नव्हे. रोजचं माणूस कोण आणि रात्री बांधावरून आलेलं कोण, हे कुत्र्याला कळलं पाहिजे, आणि साखळीवर ते कळत नाही. पिल्लू साधारण साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे बघतं, त्याची भीती मोडते. खुरपणीच्या बाया, वायरमन, लहान पोरं, शेळ्या, ट्रॅक्टरचा आवाज, सगळं त्याच वयात शांतपणे दाखवा. मग दोनच शब्द पक्के करा: "ये" आणि "सोड". लांब कासरा लावून सराव घ्या, आलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या. उशिरा आलं म्हणून मारलंत तर पुढच्या वेळी येणारच नाही. आणि पोरांनी चोराची नक्कल करत पोतं फडकावून त्याला चिडवायचं, हा खेळ आजच बंद करा. त्यातनं ते चावायला शिकतं, सोडायला नाही.

रोज दीड-दोन तास यातच जातात. उन्हाळ्यात ते ऊन चढायच्या आत. नुसतं पळवूनही भागत नाही. जुना हातमोजा कडब्याच्या गंजीत लपवून शोधायला लावा, पंधरा मिनिटांत डोकं थकतं.

"शेतकऱ्याला एवढा वेळ कुठाय?" बरोबर आहे. मग ही जात आणूच नका. गावठी कुत्रं वस्तीवरच वाढतं, ऊन सोसतं, आणि अनोळखी पाऊल वाजलं की भुंकतं. आपल्याला बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

बिबट्यासाठी म्हणून आणत असाल तर अजून स्पष्ट बोलतो. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. साखळीला बांधलेलं कुत्रं पळूसुद्धा शकत नाही. रात्री ते वरून बंद असलेल्या जाळीच्या खोलीत पाहिजे. भुंकणं तिथनंही ऐकू येतं.

कायद्याचंही ऐकून ठेवा. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं हा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. आणि निष्काळजीपणामुळं आपल्या जनावरापासून कुणाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चावा बसतो तो चोराला क्वचित, मजुराच्या पोराला जास्त.

कृषी सहायक आणि पशुवैद्यक मंडळीही हे पेज वाचतात. वस्तीवर गेलात की कुत्रं किती वेळ मोकळं असतं आणि रेबीजची लस कधी दिली, एवढं विचारत चला. लस तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढं डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. तरी कुणाला चावलंच तर हळद-चटणी लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.