टनाला तीन ग्रॅम

आपल्या देशात दर दोन-चार वर्षांनी सोने सापडते. खाणीत नव्हे, वर्तमानपत्रात! फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून अधिक सोने असल्याची बातमी झळकली आणि आमच्या बदलापूर लोकलमध्ये देशाचे सगळे कर्ज दोन स्टेशनांत फिटले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लगोलग खुलासा केला. सुमारे ५२,८०० टन खनिज, त्यात टनामागे ३.०३ ग्रॅम सोने. एकूण १६० किलो. ज्याचे आयुष्य बँकेच्या खतावणीत गेले त्याला बातमीपेक्षा हा गुणाकारच अधिक भावतो.

टनाला तीन ग्रॅम म्हणजे काय, हे घरातल्या सर्वांनी एकदा समजून घ्यावे. तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे जवळजवळ चार टन खडक खालून वर आणायचा, पिठासारखा दळायचा, सायनाईडच्या पाण्यात भिजवायचा, तेव्हा एक तोळा हाती येतो. उरलेले चार टन पीठ कुठे जाते, हा प्रश्न सराफाच्या दुकानात कुणी विचारत नाही.

अंबरनाथ-बदलापूरकरांना दुसराही प्रश्न पडायला हवा. आपल्याकडे का नाही? मलंगगड, चंदेरी, १०६० सालचे आपले शिवमंदिर, सारे काळ्या पाषाणाचे. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, बेसॉल्ट. आणि गंमत अशी की कोलारचे सोने ज्या खडकात आहे, तोही मुळात बेसॉल्टच! फरक वयाचा आणि सोसण्याचा. आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थरावर थर ओतला गेला आणि बहुतेक जागी तसाच आडवा पडून राहिला. कोलारचा सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा. तो समुद्राच्या तळाशी वाहिला, मग ग्रॅनाईटच्या कचाट्यात सापडून दुमडला, खोल गाडला गेला, भाजला, चिरडला. या भाजण्या-चिरडण्यात अशा बेसॉल्टमध्ये हिरवट खनिजे तयार होतात, म्हणून या पट्ट्यांना हरितपाषाण पट्टे म्हणतात.

सोने आले ते पाण्यातून. खोलवरच्या खडकांतून तीन-चारशे अंशांचे पाणी दाबाखाली भेगांमधून वर चढते. साध्या पाण्यात सोने विरघळत नाही, पण या पाण्यात गंधक असते आणि गंधकाच्या संगतीने ते प्रवास करते. वाटेत लोहयुक्त खडक भेटला की गंधक लोखंडाशी सोयरीक करून माक्षिक होते आणि सोने एकटे पडून तिथेच बसते. भेग एकाएकी फाकली, दाब उतरला, तरी तेच. भेग पांढऱ्या गारगोटीने बुजते, पुन्हा फाटते, पुन्हा बुजते. कोलारची चॅम्पियन रीफ म्हणजे अशीच गारगोटीची शीर. आपल्या सह्याद्रीच्या पोकळ्यांतूनही पाणी फिरले, पण त्यात पांढरे सुंदर स्फटिक भरले. सोन्याचा योग नव्हता.

कर्नाटकातला हट्टी-मस्की पट्टा असाच. आपला मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्याच राज्यातला. हट्टीला प्राचीन माणसे सोन्यामागे खडकात किती खोल उतरली होती ते पाहून आजचे खाणवाले चकित होतात. मस्कीला १९१५ मध्ये अशोकाचे नाव असलेला शिलालेख बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीतल्या इंजिनियरलाच सापडला. इतकी शतके शिलालेखांतला ‘देवानांप्रिय’ म्हणजे नेमका कोण, हे ठरायला सोने शोधणारा माणूस उपयोगी पडला!

कोलारात जॉन टेलर कंपनी १८८० मध्ये आली. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली. खाणी पुढे तीन किलोमीटरहून खोल गेल्या. तिथला खडक हाताला चटका देई आणि दाबाने स्फोट झाल्यासारखा फुटे. त्याखाली तमिळ-तेलुगू मजूर गाडले जात. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. सव्वाशे वर्षांत मिळाले सुमारे ८०० टन सोने. आपण आज जवळपास तेवढे सोने साधारण एका वर्षात आयात करतो. पिढ्यान्पिढ्यांचे मजूर एका पारड्यात आणि आपली एका वर्षाची हौस दुसऱ्या पारड्यात!

मी सोनेतारण कर्जे दिली आहेत. मुलाची फी, आजारपण, बी-बियाणे, यांसाठी बायका निमूट बांगड्या उतरवून देतात. त्यामुळे सोने घेऊ नका, असा उपदेश माझ्या तोंडून निघणार नाही. १९९१ मध्ये सरकारनेही तेच केले, ४७ टन सोने परदेशी बँकांकडे गहाण टाकून. माझे म्हणणे वेगळे आहे. खाण निघण्याचा आनंद करताना ती बंद होण्याचा हिशेब आधी मांडा.

कोलारची माणसे आज पहाटेच्या गाड्या पकडून बंगळूरला नोकरीला जातात. हे दृश्य आपल्याला सांगायला नको. अंबरनाथचा विमकोचा कारखाना गेला, नाक्याला त्याचे नाव राहिले. पण कारखान्याने सायनाईडच्या भुकटीचे डोंगर तरी मागे ठेवले नाहीत. कोलारात तसे १३ ढिगारे आहेत. वारा सुटला की भुकटी घराघरांत येते. २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने त्यांतून पुन्हा सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला मान्यता दिली. काढावे. पण त्या पैशातला पहिला हप्ता ज्यांच्या छातीत ती धूळ गेली त्यांचा हवा, आणि तो करारात लिहिलेला हवा.

आपल्या विदर्भात, नागपूर-भंडाऱ्याच्या साकोली पट्ट्यातही सोन्याच्या खुणा नोंदल्या गेल्या आहेत. उद्या तिथल्या एखाद्या गावात सूटबूटवाले साहेब नकाशे घेऊन आले, तर ग्रामसभेने किती टन सोने, हे विचारू नये. टनाला किती ग्रॅम, भुकटी कुठे टाकणार, खाणीतले पाणी किती वर्षे उपसणार आणि त्यानंतर विहिरींचे काय, हे विचारावे. खाण मिटवण्याच्या खर्चापोटी हेक्टरी बँकहमी घेण्याचा नियम आहे. पण विहीर आणि फुफ्फुस हेक्टरात मोजता येत नाहीत. किराणा दुकानाला पन्नास हजार देताना आम्ही दोन जामीनदार मागत होतो.