शिंगाला श्रेय कशाला?

मंडळी, आधीच सांगून टाकतो: जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची ड्राय रिस्लिंग मला मनापासून आवडते. आंबट, धारदार, गोडवा जवळजवळ नाहीच. माझं भांडण वाईनशी नाही, ती ओतताना सांगतात त्या गोष्टीशी आहे.

गोष्ट अशी. गायीच्या शिंगात शेण भरायचं, हिवाळाभर जमिनीत पुरून ठेवायचं. मग उकरायचं, थोडंसं पाण्यात टाकून तासभर ढवळायचं (आधी एका दिशेनं, मग उलट!) आणि मळ्यात शिंपडायचं. कुठलं काम कधी, हे चंद्राच्या राशीवरून ठरवणारेही आहेत. याचं नाव बायोडायनॅमिक शेती. १९२४ साली रुडॉल्फ श्टाइनर नावाच्या गृहस्थांनी आठ व्याख्यानांत हे मांडलं. गृहस्थ तत्त्वज्ञ, शेतकरी नव्हेत.

आजी अमावास्येला नवं काम काढत नाही म्हणून तिला हसणारी आपली पिढी, तेच पंचांग जर्मन लेबलवर आलं की माना डोलावते. वर दोन पैसे जास्त मोजते. (शिंग गायीचं आहे म्हटल्यावर काहींना वेगळाच उमाळा येतो, पण तो विषय नंतर कधीतरी.)

आपल्या धंद्यात ए-बी टेस्ट केल्याशिवाय बटणाचा रंगसुद्धा कोणी बदलत नाही. ऱ्हाईनकाठच्या गाइझनहाइमला २००६ पासून अशीच टेस्ट चालवली, तीही रिस्लिंगवरच. एक भाग नेहमीच्या पद्धतीचा, दुसरा सेंद्रिय, तिसरा सेंद्रिय अधिक शिंग वगैरे. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. नेहमीच्या पद्धतीपेक्षा बाकी दोन्हींत वेलींची वाढ आणि उत्पन्न कमी. पण दुसऱ्यात आणि तिसऱ्यात? फारसा फरक नाही.

"पण त्यांची वाईन चांगली असते ना!" असते की! प्युंडेरिश गावच्या क्लेमेन्स बुश यांचंच घ्या. ऐंशीच्या दशकापासून सेंद्रिय, बायोडायनॅमिक मात्र २००५ पासून. म्हणजे वीसेक वर्षं उतारावर घाम गाळून झाल्यावर शिंग आलं.

आणि उतार म्हणजे काय उतार! त्याच नदीवर ब्रेमजवळचा कालमोंट काही ठिकाणी ६५ अंशांच्या आसपास आहे. पायाखाली पाटीच्या दगडाचे तुकडे, हो, आपल्या शाळेतल्या पाटीचाच दगड. दिवसभर ऊन पिऊन तो रात्री वेलींना ऊब देतो, म्हणून इतक्या उत्तरेला द्राक्षं पिकतात. ट्रॅक्टर चढत नाही. माल एका रुळावरच्या छोट्या गाडीतून वरखाली जातो, बाकी छाटणी, बांधणी, तोडणी सगळी हातानं. डाऊनी आली तर शिंग धावून येत नाही. नाशिकचा बागायतदार जे मारेल तेच मारतात: तांबं. बायोडायनॅमिकच्या डेमेटर शिक्क्यालाही वर्षाला हेक्टरी ३ किलो चालतं. हे मात्र टेस्टिंगला कोणी सांगत नाही.

मला राग याचा येतो. तोडणीला पोलंड-रोमानियातून माणसं येतात, त्या उतारावर गुडघे झिजवतात. काम परवडत नाही म्हणून कित्येक उतार ओस पडले. मोझेलचं द्राक्षक्षेत्र १९९० च्या सुमारास १२ हजार हेक्टरांच्या वर होतं, आज ९ हजारांच्या आत आहे. आणि बाटलीमागच्या मजकुरात कोण? शिंग आणि चंद्र.

जास्तीचे पाच युरो उताराचे मागा, तोडणीच्या मजुरीचे मागा. लगेच काढून देतो. शिंगाचे मागू नका.