अमर्याद म्हणजे किती?

गणपती जवळ आले की एक सरकारी आदेश निघतो आणि आमच्या पालीत त्याची चर्चा चहाच्या टपरीपासून रेशनच्या दुकानापर्यंत होते. मुंबई-गोवा महामार्गावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अवजड वाहनांना बंदी! चाकरमानी गावाला येणार, रस्ता अपुरा, त्यात चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळलेले. तेव्हा ट्रक-ट्रेलरवाल्यांनी काही दिवस कळ काढावी. पाली या महामार्गावरच वसलेली आणि आंबा घाटाने कोल्हापूरला जाणारा रस्ताही इथूनच फुटतो. त्यामुळे ही बंदी आम्ही ओटीवर बसून पाहतो. एरवी रात्रभर घरघरणारे ट्रक त्या दिवसांत दिसत नाहीत. ट्रकवाले कुरकुरतात, नाही असे नाही. पण आपल्याला फसवले असे त्यांतला कोणी म्हणत नाही. कारण आदेशात तारखा असतात, किती वजनाच्या वरच्या गाड्या ते आकड्यात असते आणि दूध, औषधे, भाजीपाला नेणाऱ्या गाड्यांना सूट असते.

इंटरनेटच्या रस्त्यावरही अशीच एक बंदी असते. तिला ‘फेअर यूसेज पॉलिसी’ म्हणतात. मराठीत सांगायचे तर न्याय्य वापराचे धोरण. महिन्याकाठी ठराविक डेटा वापरून झाला की जोडणी तुटत नाही, पण वेग एकदम खाली येतो. कंपन्यांचे म्हणणे असे, की मूठभर लोक रात्रंदिवस सिनेमे उतरवून घेतात, सगळा रस्ता अडवतात आणि बाकीच्यांची गाडी पुढे सरकत नाही. तेव्हा या अवजड मंडळींना आवर घालणे हाच न्याय. ऐकायला हे पटते. मलाही पटत होते. २०२० च्या ऑक्टोबरात मी स्वतः ‘अवजड’ ठरलो तोपर्यंत!

त्या वर्षी मे महिन्यात पास काढून मुंबईहून मुलगा, सून, नातू आले. पाठोपाठ पुतण्याचे बिऱ्हाड आले. चौदा दिवस शाळेत विलगीकरणात काढून सगळी घरात आली आणि गणपती झाले तरी परतायचे नाव नव्हते, कारण परतून करायचे काय? ऑफिस घरूनच, शाळा घरूनच. घरात माणसे नऊ आणि इंटरनेटची जोडणी एक. माजघरात सुनेची मीटिंग, माडीवर पुतण्याचे काम, स्वयंपाकघराच्या दाराशी नातवाची चौथी. दहावी होती वरच्या वाडीतली एक मुलगी. तिच्या वाडीत मोबाइलला धड रेंज नव्हती आणि ती मुंबई विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा ऑनलाइन. आमच्या पडवीत बाकावर बसून ती पेपर देत असे.

तिसऱ्या पेपराच्या दिवशी तासाभराच्या परीक्षेत पंचवीस मिनिटे झाली आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागले. आम्ही यंत्र बंद करून चालू केले, नातवाला वर्गातून उठवले, सुनेने मीटिंग सोडली. मी कंपनीला फोन लावला. (कंपनीचे नाव लिहीत नाही, तिच्या जागी दुसरी असती तरी फरक पडला नसता.) पलीकडचा मुलगा अदबीने म्हणाला, “सर, तुमची लिमिट संपलीय. तुम्ही हेवी यूजर आहात.” मी म्हटले, “अहो, माझी योजना तर अमर्याद आहे.” तो म्हणाला, “अमर्यादच आहे सर. फक्त स्पीड कमी झालाय.”

त्या मुलीचे पन्नासातले एकतीस प्रश्न झाले आणि वेळ संपली. कॉलेजने पुढे तिची परीक्षा पुन्हा घेतली म्हणून वर्ष वाचले. त्या दुपारी मात्र ती काही न बोलता चप्पल घालून वाडीकडे निघून गेली आणि आम्ही सगळे उगाच तोंड लपवत बसलो.

रात्री मी सवयीप्रमाणे कागद घेऊन आकडेमोड केली. बँकेत जन्म गेलेल्या माणसाचा राग असाच निघतो. मर्यादा होती १०० जीबी. बिलाचा महिना सुरू होऊन झाले होते चौदा दिवस. माणसे दहा. म्हणजे दर माणशी दिवसाला ७०० एमबीच्या आसपास. त्या काळात मोबाइलच्या साध्या योजनेतही माणशी रोज दीड जीबी मिळत होता. म्हणजे आम्ही दहाही जण त्या साध्या योजनेच्या निम्म्याने वापरत होतो आणि तरी आमच्यावर शिक्का ‘हेवी’चा! गणपतीत महामार्गावर ट्रकला बंदी असते, पण पन्नास माणसे घेऊन येणाऱ्या एसटीला कोणी अडवत नाही. वजन तिचेही असते; पण त्या वजनात माणसे आहेत हे हवालदाराला दिसते. कंपनीचे यंत्र गाडी मोजते, आतली डोकी मोजत नाही. एकट्याच्या फ्लॅटला आणि एकत्र कुटुंबाच्या घराला एकच माप लावायचे आणि त्याला न्याय्य म्हणायचे, हे काही मला झेपत नाही.

आता कंपन्यांची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती मला चांगली कळते. सगळे ठेवीदार एकाच सकाळी पैसे काढायला येत नाहीत, या भरवशावर बँक चालते. म्हणून तर ठेवींतला थोडा भाग हाताशी ठेवून बाकीचा कर्जाऊ देता येतो. इंटरनेटचेही तेच. एकच वाहिनी अनेक घरांना विकलेली असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी हे प्रमाण एकास पन्नासपर्यंत असावे असे सांगितले होते. एका वाहिनीवर पन्नास घरे, पण पन्नासही एकदम वापरत नाहीत, हा हिशेब. यात लबाडी नाही. असे केले नाही तर महिन्याचे बिल आपल्याला परवडणार नाही.

फरक पुढे आहे. बँक ओव्हरड्राफ्ट देते तेव्हा मंजुरीपत्रात मर्यादा आकड्यात आणि अक्षरी, दोन्ही लिहिते. ‘अमर्याद ओव्हरड्राफ्ट’ असे लिहून खाली बारीक अक्षरात पन्नास हजार लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसावे लागेल. तरी आम्हीही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापला गेल्यावर एक आजी माझ्या टेबलाशी आली होती. मी फॉर्मवरची बारीक ओळ बोट ठेवून तिला दाखवली आणि म्हटले, “आजी, सही तुमचीच ना?” तिने नुसते पाहिले. तिथे सही नव्हतीच, अंगठा होता. ‘सर, स्पीड कमी झालाय’ म्हणणाऱ्या त्या मुलावर मला फार रागावता आले नाही, त्याचे एक कारण ती आजी आहे.

आपल्याकडे इंटरनेट सामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आणले तेव्हा मोजणी तासांवर होती. घड्याळाकडे बघत पत्र पाठवायचे. २००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले आणि २००५ पासून बीएसएनएलची जोडणी घरोघर येऊ लागली. तिच्या काही योजनांत एक गमतीची तरतूद होती : दिवसा मोजून डेटा, पण रात्री दोन ते सकाळी आठ मोफत. रत्नागिरी-चिपळुणातली पोरे गजर लावून दोनला उठत, डाउनलोड लावून पुन्हा झोपत. आईबापांना वाटे, पोरगा अभ्यासाला उठला. मला ती व्यवस्था आजही प्रामाणिक वाटते. रस्ता मोकळा कधी असतो ते सरळ सांगितलेले, अवजड गाड्यांनी तेव्हा जावे. शेतीला पाणी देताना पाळ्या लावतात, त्यातलाच हा प्रकार.

लपवाछपवीचा प्रकार परदेशातही झाला. अमेरिकेत कॉमकास्ट या मोठ्या कंपनीने सिनेमे-गाण्यांच्या फायलींची देवाणघेवाण करणाऱ्यांना गुपचूप अडवल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले. तिथल्या आयोगाने पुढच्या वर्षी तिला दोषी धरले (पुढे न्यायालयात तो आदेश टिकला नाही, तो भाग निराळा). ऑक्टोबर २००८ पासून कंपनीने महिन्याला २५० जीबी अशी उघड मर्यादा जाहीर केली. लोक तिच्यावरही चिडले, पण निदान कशावर चिडायचे ते तरी कळले. आपल्याकडे ‘ट्राय’ने २०१२ मध्ये कंपन्यांना बजावले, की मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. २०१६ मध्ये आणखी सांगितले, की घरच्या जोडणीचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका आणि डेटा संपत आला की आधी कळवा. आमच्या घरी तशी सूचना आलीही असेल. आली असेल तर ती माझ्या जुन्या मोबाइल क्रमांकावर गेली असणार, कारण अर्जावर तोच होता.

आणि ५१२ केबीपीएस म्हणजे किती? सेकंदाला ६४ केबी. एक जीबी उतरवायला चार तासांवर वेळ. दहा माणसांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम जुन्या टेलिफोनवरच्या डायल-अपइतका वेग. याच्या उलटचा हिशेबही करून पाहावा. २०१९ मध्ये जिओफायबरची सर्वांत स्वस्त योजना ६९९ रुपयांची होती : वेग १०० एमबीपीएस, मर्यादा १०० जीबी. तो वेग खरोखरच पूर्ण वापरला, तर महिन्याचा डेटा सव्वादोन तासांत संपतो. घोडा शर्यतीचा, चंदी एका दिवसाची!

वाचक म्हणतील, हे सगळे जुने झाले. खरे आहे. २०२० च्या शरद ऋतूत चित्र पालटले. मोठ्या कंपन्यांनी फायबरची मर्यादा एकदम महिन्याला ३३०० जीबीपर्यंत नेली. रोजचे ११० जीबी. उत्तम प्रतीचा सिनेमा तासाला तीन जीबी खातो असे धरले, तर ११०० तास होतात आणि तीस दिवसांच्या महिन्यात तास असतात ७२०. म्हणजे आमच्यासारख्या घराला आता मर्यादा नाहीच म्हणा ना. बाजारपेठेत फायबर आले, आम्ही ते घेतले आणि माझी तक्रार मिटली.

पण मर्यादा नाहीशी झाली नाही, ती नुसती सरकली. फायबरला खांब लागतात, गिऱ्हाईक लागते. वरच्या वाडीत पंधरा-वीस घरे. तिथवर तार कोण नेणार? ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ ची आहे. पण ग्रामपंचायतीपासून वाडीपर्यंतचा चढ तिला दमवतो. त्या घरांत इंटरनेट म्हणजे मोबाइल आणि मोबाइलला रोजची मर्यादा : दीड किंवा दोन जीबी. ती संपली की वेग ६४ केबीपीएस. या वेगाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला दोन एमबीचा फोटो उघडायला चार मिनिटांवर लागतात. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर फोटो काढून करायची आहे. सातबारा मोबाइलवर, शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलवर. संध्याकाळी पोराने क्रिकेटचा सामना पाहिला की बापाचा अर्ज दुसऱ्या दिवसावर जातो, कारण फोन घरात एकच. ज्या उपायाची सुरुवात अवजड गाड्यांसाठी झाली, तो आता सायकलवाल्याला लागू आहे आणि ट्रक मोकळे सुटले आहेत. मी धरून.

आणि न वापरलेल्या डेटाचे काय? मध्यरात्री तो बुडतो. एका कंपनीने उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू दिला, तो अपवाद. बँकेत रोज रात्री बारा वाजता खातेदाराची शिल्लक शून्य झाली असती, तर लोकांनी शाखेची दारे ठेवली नसती.

मग दूध-औषधांसारखी सूट का देऊ नये, सरकारी अर्ज आणि अभ्यास मर्यादेतून वगळा, असे मला बरेच दिवस वाटत असे. आता वाटत नाही. कोणत्या मजकुराला सूट द्यायची हे कंपनीने ठरवायचे नाही, म्हणून ‘ट्राय’ने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगळा दर लावायला बंदी केली. ते योग्यच झाले. रस्त्यावर दुधाची गाडी ओळखता येते. इंटरनेटवर दूध कोणते हे एकदा कंपनीने ठरवायला घेतले, की तिचा स्वतःचा माल तेवढा दूध ठरेल. तेव्हा सूट नको. खालचा वेग वाढवा. २०२३ च्या जानेवारीत सरकारने व्याख्या बदलली : २ एमबीपीएसच्या खाली ब्रॉडबँड नाही. मग मर्यादा संपल्यावरही ग्राहकाला २ एमबीपीएस मिळावेत, घरी आणि मोबाइलवरही. त्यावर सिनेमा नीट दिसणार नाही, पण परीक्षा देता येईल. आणि ‘अमर्याद’ हा शब्द ज्या आकाराच्या अक्षरात छापला, त्याच आकारात त्याच्या शेजारी आकडा छापावा. आम्हाला मंजुरीपत्रात ते जमत होते, त्यांनाही जमेल.

ती मुलगी आता रत्नागिरीत नोकरीला आहे. तिचा धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे आणि संध्याकाळी त्याच बाकावर येऊन बसतो. पासवर्ड त्याला पाठ आहे. परवा त्याला उशीर झाला म्हणून मी विचारले, “अजून किती वेळ रे?” तो वर न बघता म्हणाला, “एक व्हिडिओ राहिलाय काका. नायतर घरी जाऊन बाराची वाट बघायला लागेल.” मग बॅटरी मागून घेऊन तो साडेअकराला वाडीकडे निघाला.