फ्लिप्ड क्लासरूम आणि निवासी शाळा

शिक्षक-प्रशिक्षणात सध्या 'फ्लिप्ड क्लासरूम' हा शब्द वारंवार कानी पडतो. या पद्धतीत वर्ग आणि गृहपाठ यांची अदलाबदल होते. पाठाचे विवेचन विद्यार्थी आदल्या दिवशी चित्रफितीतून पाहून येतो आणि वर्गातील वेळ शंका, चर्चा, उदाहरणे व प्रयोग यांसाठी मोकळा राहतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जोनाथन बर्गमन व ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ साली, वर्ग बुडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आपले पाठ चित्रित करण्यास आरंभ केला. त्यातून ही पद्धत नावारूपाला आली.

तंत्रज्ञानाचे हे वारे आपल्या परिसरालाही नवे नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली ते ग्लोबल टीचर प्राइझचे मानकरी ठरले. बालभारतीच्या पुस्तकांतही आता असे कोड दिसतात. साधने दाराशी आली आहेत; पण ती कोणाच्या दाराशी, हा प्रश्न उद्याच्या शिक्षकाने आधी विचारला पाहिजे.

'घरी पाहून या' या तीन शब्दांत वीज, मोबाइल, रिचार्ज आणि शांत कोपरा एवढे सारे गृहीत धरलेले असते. धाराशिव जिल्ह्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या तळावरील कोपीत यांपैकी काय असते? घरात एकच फोन असेल, तर तो बहिणीआधी भावाच्या हाती जातो. २०२० च्या टाळेबंदीत ही विषमता उघडी पडली. घरावर विसंबलेली फ्लिप्ड क्लासरूम आपल्याकडे पुढच्याला आणखी पुढे आणि मागच्याला आणखी मागे नेईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवासी शाळेत मात्र ही अडचण दूर होऊ शकते. येथे सायंकाळचा अभ्यास सर्वांचा एकाच छताखाली होतो. पंधरा मिनिटांचा पाठ एका पडद्यावर सर्वांनी मिळून पाहावा. प्रत्येकाच्या हाती मोबाइल देण्याचे कारणच उरत नाही. वीज गेली तर तोच पाठ पुस्तकातून वाचावा. त्यानंतर प्रत्येकाने न समजलेल्या दोन गोष्टी वहीत लिहाव्यात आणि सकाळचा तास त्या वह्यांपासून सुरू व्हावा. प्रारंभी एकाच इयत्तेत, एकाच विषयापुरता, एका सत्रासाठी हा प्रयोग करता येईल. मुले गावी जातात त्या सुट्टीत मात्र चित्रफितीचा अभ्यास देऊ नये.

या पद्धतीत शिक्षकाचे काम हलके होत नाही, उलट वाढते. तयार व्याख्यान देणे सोपे असते; अनपेक्षित प्रश्नाला सामोरे जाणे अवघड. आपल्या परंपरेला हे अवघड काम अपरिचित नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिने मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेले महाविद्यालय पुढे 'मिलिंद' या नावाने ओळखले जाऊ लागले. मिलिंद हा भदंत नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारा राजा. महाविद्यालयाला विचारणाऱ्याचे नाव आणि परिसराला 'नागसेनवन' हे उत्तर देणाऱ्याचे नाव, यात शिक्षणाचा एक पूर्ण विचार सामावला आहे. ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव म्हणून स्वीकारू नका, हा भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेशही याच वाटेचा आहे. चित्रफीत हीही अखेर एक ऐकीव गोष्टच. तिची पारख वर्गातच व्हायला हवी.

म्हणून या प्रयोगाचे यश किती पाठ दाखविले यावरून मोजू नये. एरवी शेवटच्या बाकावर गप्प बसणारी किती मुले-मुली सत्राअखेर उभी राहून प्रश्न विचारू लागली, हेच त्याचे माप असावे. तेवढे साधले, तर पडदा आणि प्रोजेक्टर यांवरील खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.