शंभराचा कागद

डोंबिवलीची एक मैत्रीण मध्यंतरी आमच्या केंद्रावर आली. पर्समधून लॅमिनेट केलेला कागद काढून म्हणाली, "ताई, हा माझा घटस्फोट." आठ वर्षांपूर्वीचा शंभर रुपयांचा स्टँप, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. 'आम्ही राजीखुशीने विभक्त राहत आहोत, पोटगी मागणार नाही, दोघेही दुसऱ्या लग्नास मोकळे.' तिचं दुसरं लग्न ठरत होतं.

मैत्रिणींनो, हा घटस्फोट नाही. हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे, आणि त्याखाली लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्यानं. काही जातींत काडीमोडाची रूढी आहे, कलम 29 ती मानतं. पण ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते, स्टँपपेपरनं होत नाही. या मैत्रिणीनं त्या कागदावर लग्न केलं असतं तर ते रद्दबातल ठरलं असतं आणि वर द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा. आपल्या मुंबई प्रांतात 1946 साली द्विभार्याबंदीचा आणि 1947 साली घटस्फोटाचा कायदा झाला, केंद्राच्या 1955च्या कायद्याआधी. इतक्या वर्षांनी आपण पुन्हा चावडीवरच्या फारकतीला येऊन पोचलो!

त्या कागदातली सगळ्यात घातक ओळ 'राजीखुशीने विभक्त' ही. पोटगीचं जुनं कलम 125 (जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144) सांगतं की नवराबायको परस्परसंमतीनं वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी नाही. म्हणजे तिनं सही केली ती स्वतःच्याच विरुद्धच्या पुराव्यावर. उलट कोर्टातून संमतीनं घटस्फोट झालेली बाई पुन्हा लग्न करीपर्यंत पोटगी मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये सांगितलं आहे.

आणि खरं सांगायचं तर असे कागद टायपिस्टच करतात असं नाही. आपणही केले आहेत. दोन्हीकडची माणसं बसवायची, भांडी-दागिने परत घ्यायचे, समझोता लिहायचा, बाई सुटली म्हणून हुश्श करायचं. कोर्टाच्या तारखा नकोत, ही तिची विनवणी खरीच असते. सकाळची लोकल सोडून, पगार कापून घेऊन तारखेला जाणं काय असतं ते आपण जाणतो. पण तिची दमणूक हे तिला फसवा कागद देण्याचं कारण होऊ शकत नाही.

संमतीचा रस्ता इतका लांबही राहिलेला नाही. वर्षभर वेगळं राहिलं की कलम 13-ब खाली दोघांचा एकत्र अर्ज करता येतो. मधले सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, हा 2017चा निकाल. अंतिम हुकूम होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून ठरलेली रक्कम 'नंतर देतो' यावर सोडू नका, शेवटच्या जबाबाआधी कोर्टात भरून घ्या. मुलांचा ताबा, भेटीचे दिवस, शाळेची फी, फ्लॅटचं कर्ज कोण फेडणार, हे सगळं त्या अर्जातच लिहा.

सासर जळगावला आणि माहेर डोंबिवलीला असेल तर? 2003च्या दुरुस्तीनंतर बायको राहते तिथल्या कोर्टात तिला अर्ज करता येतो. वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. तिथे बाईला उत्पन्नाची अट नाही. ही गोष्ट आपल्या कितीतरी कार्यकर्त्यांनाही माहीत नसते. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही मालमत्तेचं आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हे 2020च्या निकालानं ठरलं. तेव्हा 'समझोता होतोय का बघू' म्हणत अर्ज लांबवला, तर तितके महिने तिचे बुडाले.

माझी सूचना एवढीच. पुढच्या बैठकीत आपल्या कपाटातल्या जुन्या समझोत्यांच्या फायली काढू. ज्यांचा हुकूमनामा झालेला नाही, त्या बायकांना निरोप धाडू. काहींनी दुसरी लग्नं केली असतील. त्यांच्याशी बोलणं अवघड जाणार आहे, पण सही करताना त्यांच्या शेजारी आपणच बसलो होतो.