मुखत्यार एक, धनी तीन

पूर्वी घरंदाज माणसाला कोर्टकचेरीच्या पायऱ्या चढण्याचा कंटाळा आला, की तो एखाद्या हुशार इसमाला मुखत्यारपत्र लिहून देई. तो इसम मग धन्याच्या नावाने सही करी, सारा भरी, आणि धनी ओटीवर पान खात बसे. ती सोय आता संगणकात आली आहे. मात्र हा नवा मुखत्यार पान मागत नाही, आणि प्रश्नही विचारीत नाही. घोटाळा होतो तो या दुसऱ्या गुणामुळे.

झॅपिअर हा अशा मुखत्यारांतला नावाजलेला. वेड फॉस्टर, ब्रायन हेल्मिग आणि माइक नूप या तिघांनी तो २०११ साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातील कोलंबिया गावी सुरू केला. एका ठिकाणी काही घडले, की दुसऱ्या ठिकाणी नेमून दिलेले काम करायचे, एवढाच त्याचा धर्म. फॉर्म भरला गेला, की यादीत ओळ लिहायची. ओळ लिहिली, की पोच धाडायची. यासाठी आपण आपली खाती त्याला जोडून देतो. पासवर्ड देत नाही हो! ओऑथ नावाचा शिरस्ता आहे. त्याची दुसरी आवृत्ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्याप्रमाणे गूगल आधी आपल्याला विचारते, याला अमुक अमुक करू द्यायचे ना? आपण हो म्हटले, की मुखत्याराच्या हाती एक टोकन पडते. तेच त्याचे मुखत्यारपत्र. त्यात लिहिले असेल तेवढाच त्याचा अधिकार.

खाते एकच असते तर हे पुराण लावण्याचे कारण नव्हते. पण आज एकच खाते आहे कोणाला? आमच्या एका स्नेह्यांची तीन आहेत: एक घरचे, एक कॉलेजचे, आणि एक ते राहतात त्या सोसायटीचे, कारण सभेत गप्प बसल्याबद्दल त्यांना चिटणीस करण्यात आले आहे. तिन्ही एकाच मुखत्याराला जोडलेली. यादीत पाहावे तर सेवेचे नाव तेच, पुढे नुसता आकडा. वाड्यात तीन बाळ असावेत आणि आईने नुसते 'बाळ' म्हणून हाक मारावी, तशी गत. निबंधस्पर्धेची पोच मुलांना गेली ती सोसायटीच्या पत्त्यावरून. एका चलाख स्पर्धकाने उलट विचारले, "सर, विषय पाण्याच्या टाकीचा होता का?"

यावर उपाय सोपा आहे. जोडणी झाली, की तिथल्या तिथे तिचे नाव बदलावे: 'कॉलेज, पोच' किंवा 'घर, खाजगी'. दुसरे खाते जोडताना ब्राउझर आधीपासून उघडे असलेले खातेच पुढे सरकवतो. म्हणून ते काम खाजगी खिडकीत करावे. जुनी जोडणी काढण्यापूर्वी तिच्यावर किती कामे चालली आहेत ते पाहावे. ती काढली, की ती कामे अडतात.

इथवर हसण्यासारखे आहे. पुढचे नाही.

एका महाविद्यालयात गरजू विद्यार्थ्यांसाठी निधी आहे. अर्ज फॉर्मवर भरायचे, मुखत्याराने ते निधीसमितीच्या यादीत उतरवायचे. ही व्यवस्था एका उत्साही प्राध्यापकांनी बसवली. पण जोडणी केली स्वतःच्या खात्याने. ते निवृत्त झाले, हारतुरे झाले, आणि नियमाप्रमाणे त्यांचे खाते बंद झाले. मुखत्यारपत्र माणसाच्या नावाचे होते, खुर्चीच्या नव्हे. ते त्याच दिवशी संपले. फॉर्म मात्र कार्यालयाच्या खात्यावर. तो अर्ज घेतच राहिला आणि प्रत्येकाला 'नोंद झाली' म्हणून सांगत राहिला. समितीची यादी कोरी. सभासदांना वाटले, यंदा कोणाला गरज दिसत नाही. जोडणी तुटल्याची सूचना मुखत्याराने पाठवली होती. पण ती गेली त्याच बंद झालेल्या पत्त्यावर.

फीची मुदत उलटल्यावर एक मुलगी कार्यालयात आली. "भाऊसाहेब, माझ्या अर्जाचं काय झालं?" भाऊसाहेबांनी शोधले, तर फॉर्मच्या पोटात अकरा अर्ज सापडले. दहांचे निभावले. या मुलीच्या वडिलांनी तोवर व्याजाने पैसे काढून फी भरली होती.

आता तिथे समितीसाठी वेगळे खाते आहे; त्याची किल्ली दोघांकडे असते, आणि झॅपिअरच्या सूचनाही तिथेच येतात. सत्राच्या आरंभी भाऊसाहेब जोडण्यांची यादी वाचतात. शिवाय गूगलच्या खात्यात कोणाकोणाला परवाना दिला आहे, त्याची वेगळी यादी असते. तीही पाहतात आणि नको ते परवाने रद्द करतात. सहा महिने न वापरलेले गूगलचे टोकन आपोआप बाद होऊ शकते, म्हणून वर्षातून एकदाच लागणाऱ्या कामांकडे त्यांचे विशेष लक्ष. एकाच जोडणीपाशी ते अजून थबकतात. तिचे नाव आहे 'जुनी, काढू नये'. ती कोणी केली, हे स्टाफरूममध्ये कोणी सांगत नाही.